घडीतला भंडारा

ते प्रकरण आठवलं की आजही मला पहिल्यांदा आठवतो तो माझ्याच ठाण्याचा गोल शिक्का. तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगड खाल्ले. त्यावर मी आजही चहा पीत तासभर बोलू शकतो. पण रक्ताचा थेंबही न सांडलेल्या ह्या प्रकरणाचा विषय निघाला की मी उठून आत जातो, असं आमच्या सौभाग्यवती म्हणतात. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं. नावं कुणाचीच देणार नाही.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. सातारा जिल्ह्यात महामार्गाजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळी हजेरी, मग स्टेशन डायरीवर नजर, मग अर्जदार. शेजाऱ्याचं सांडपाणी, भावाभावातला बांध, हरवलेला मोबाईल. अर्ज घ्यायचा, आवक रजिस्टरला नंबर टाकायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून ती परत द्यायची. तिला पोच म्हणतात. पोच म्हणजे एवढंच, की हा कागद आम्हाला मिळाला. त्यात लिहिलंय ते खरं आहे असं ती कुठंही म्हणत नाही. हे आम्हाला माहीत असतं, पण बाहेरच्या माणसाला फक्त शिक्का दिसतो.

एका सोमवारी मलकापूरचे एक गृहस्थ आले. वय पस्तिशीचं, कडक इस्त्रीचा शर्ट, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये टाइप केलेला दोन पानी अर्ज. बोलणं इतकं मऊ, की आमच्या हवालदारानं न सांगता खुर्ची पुढं केली. त्यांचं म्हणणं असं, की त्यांनी मोबाईलवरून हातमागाची घोंगडी मागवली होती. विकणारी बाई सांगली जिल्ह्यातली, आटपाडीकडची. पार्सल उघडलं तर आत मशीनवरची स्वस्तातली चादर. फोटो जोडले होते. ज्या ऑनलाइन कंपनीमार्फत खरेदी केली तिच्याकडे त्यांनी तक्रार केली, तर बाई उलट त्यांच्यावरच माल बदलल्याचा आळ घेते.

"सर, पैशांचं काही नाही हो," ते म्हणाले. "पण हातमागाच्या नावाखाली असं फसवायचं म्हणजे फार झालं. मला फक्त पोच द्या. कंपनीला जोडायची आहे."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला तो माणूस आवडला. दिवसभर आरडाओरडा ऐकणाऱ्याला कुणी 'सर, आपल्या सवडीने' म्हटलं की बरं वाटतं. मी पहिलं पान वाचलं. दुसरं उलटलं, खालची सही पाहिली आणि शिक्का मारला. तिथंच मी माती खाल्ली.

अर्ज चौकशीवर घेतला, बाईला नोटीस गेली. तीन एसट्या बदलून ती आली. तिशीतली असेल. डोक्यावर पदर, काखेत भलंमोठं गाठोडं. नवरा मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला, तो आठ महिने तिकडंच. गावातल्या नऊ-दहा बाया लोकर कातायच्या आणि नवऱ्याचा म्हातारा चुलता ती विणायचा. ही मोबाईलवर फोटो काढायची, ऑनलाइन विकायची आणि पार्सल करून धाडायची. गावात आठवडी बाजाराच्या पलीकडं घोंगडी विकणारी ही पहिलीच. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी विचारलंच नाही.

तिनं माझ्या टेबलापुढं फरशीवर गाठोडं सोडलं. आत सात चादरी, सगळ्या मशीनच्या.

"ह्या माझ्या न्हाईत, साहेब. मी घोंगडं धाडलं आन माघारी ह्ये आलं. सात येळा झालं असं."

"सात वेळा? आणि साती वेळा गिऱ्हाईकच चोर?"

"मग काय मी चोर?"

आवाज चढला तिचा. मला उलट बोललेलं चालायचं नाही, हे ठाण्यातल्या मांजरालाही माहीत होतं. मी टेबलावर हात आपटला. "आवाज खाली! हे तुझं गाव नाही. विचारलं तेवढं बोलायचं."

हवालदार जबाब लिहायला बसला.

"पार्सलमध्ये काय काय घालतेस?"

"घोंगडं. आन वर बिल."

"आणखी?"

ती थांबली. गाठोड्याच्या टोकाला बोटं गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "आनि काय न्हाई."

ते थांबणं मी टिपलं. एवढी वर्षं माणसांची तोंडं वाचत आलो होतो, मला त्याची घमेंडही होती. बाई काहीतरी लपवते आहे, असं मी मनात नोंदवून ठेवलं. ती लपवत होतीच. काय लपवत होती, ते मात्र मी साफ चुकीचं धरलं.

दुसऱ्या दिवशी तिकडच्या पोलिसांना कळवून मी हवालदार आणि दोन शिपाई तिच्या गावी पाठवले. घराची, मागाची, साठ्याची पाहणी करायची आणि मशीनच्या चादरी कुठून येतात ते शोधायचं. जीप भर दुपारी म्हाताऱ्याच्या दारात उभी राहिली. अर्धं गाव जमलं. हवालदारानं सगळ्यांदेखत त्याला विचारलं, "मशीनच्या चादरी कुठनं आणता?" परत येऊन त्यानं मला अहवाल दिला, 'काही आक्षेपार्ह आढळले नाही. विणकर इसमाने उत्तर दिले नाही.' मी त्यावर 'पाहिले' असा शेरा मारला आणि कागद फाइलला लावला.

जेमतेम पंधरवड्यानं दुपारी तिचा फोन आला. नंबर तिनं नोटिशीवरून घेतला होता.

"साहेब, माझी घोंगडी पाचगणीत हायेत."

"म्हणजे?"

पाचगणीतल्या एका शाळेतल्या कारकुनानं वर्षापूर्वी तिच्याकडून घोंगडी घेतली होती. बाजारपेठेतल्या एका दुकानात, पर्यटकांसाठी मांडलेल्या मालात, त्याला तशीच घोंगडी दिसली. काळीभोर, काठाला दोन पांढऱ्या रेघा. किंमत तिप्पट. त्यानं कौतुकानं फोन केला, "ताई, पाचगणीत दुकान घातलंत होय? कळवायचं तरी!"

"मी पाचगणी कवा डोळ्यानं बघितली न्हाई, साहेब," ती म्हणाली. "आता तरी बघा की."

खबर म्हणून ती चांगली होती. अडचण एकच. काळी घोंगडी आणि पांढरी रेघ, असला माल त्या भागात पन्नास विणकर विणतात. 'माझी वीण मी ओळखते' हे कोर्टात टिकत नाही. काही खूण आहे का, असं मी विचारलं. "ते मामाच सांगतील. पर ते बोलंनात झाल्यात," ती म्हणाली. सासऱ्याच्या नात्यानं ती त्या चुलत्याला मामा म्हणायची.

मी साध्या कपड्यात, खाजगी गाडीनं गेलो. विट्याच्या पुढं माळ सुरू होतो, तो संपता संपत नाही. म्हाताऱ्याचं घर म्हणजे दोन खण. पुढच्या खणात जमिनीत मागाचा खड्डा. त्या खड्ड्यात पाय सोडून बसून विणतात. खड्डा निम्मा मातीनं भरला होता. मागाची लाकडं सोडवून भिंतीला उभी केली होती. म्हातारा बाजूला घोंगड्याच्या तुकड्यावर बसला होता. मला पाहून उठला नाही.

"हे काय?" मी तिला हळूच विचारलं.

"जीप येऊन गेल्यापास्नं ह्येच. रोज दोन घमेली माती टाकत्यात." "बाया बी सूत देईनात. म्हणत्यात, पोलीस आलं म्हंजी कायतरी आसंलच. तू आमच्या लोकरीच्या नावावर मशीनचं इकलंस. कंपनीनं माझं दुकान बंद केलं. का, तर ठाण्याचा शिक्का असल्याली तक्रार हाय म्हणं."

ठाण्याचा शिक्का.

म्हाताऱ्यासमोर मांडी घालून बसलो. "बाबा, तुमच्या घोंगडीला काही खूण असते का?"

"खूण कशाला लागती? चोर हुडकाय तुमी हाय की."

"तुमची घोंगडी दुसऱ्यानं चोरून विकली असेल तर ती तुमची, हे मला दाखवावं लागेल. नाहीतर ही चोर ठरते."

त्यानं पहिल्यांदा सुनेकडं पाहिलं. बाहेर कोंबड्या उकरत होत्या, त्यांच्याकडं बघत तो म्हणाला, "भंडारा आसतो."

"काय?"

"बिरोबाचा भंडारा. घराभाईर जायाचं घोंगडं मोकळं जात न्हाई. घडी मी घालतो. मदल्या घडीत चिमूटभर टाकतो आन मग हिच्या हातात देतो. माझा बा टाकायचा, मी बी टाकतो."

भंडारा म्हणजे देवाची हळद. बाईनं तोंडावर हात ठेवला.

"आवं मामा! मी नगं म्हणलं व्हतं न्हवं? पुण्याच्या बाईनं लिवलं व्हतं, आत पिवळी घाण हाय म्हणून! तवापास्नं बंद केलाय म्हणला व्हता तुमी!"

"तू नगं म्हणलीस. देव नगं म्हणला न्हाई."

मग मी तिच्याकडं वळलो. "त्या दिवशी जबाबात 'आणखी?' म्हटल्यावर तुम्ही थांबलात. हेच आठवलं होतं?"

"व्हय. मला वाटलं, हळदीचं काढलं तर तुमी म्हणाल, हिच्या आधीपास्नं तक्रारी हायेत. आन बंदच झालाय म्हणल्यावर सांगू कशाला?"

परत येताना गाडीत माझ्या डोक्यात 'पिवळी, पिवळी' एवढंच फिरत होतं. हा शब्द कुठंतरी डोळ्यांखालून गेला होता. ठाण्यात आल्या आल्या फाइल मागवली. तक्रारदाराच्या अर्जाचं दुसरं पान. शेवटचा परिच्छेद असा होता:

'तसेच सदर पार्सलमधील घडी उलगडली असता आतून पिवळ्या रंगाची पूड सांडून माझ्या सोफ्याचे नुकसान झालेले आहे, तरी त्याचीही भरपाई मिळावी, ही विनंती.'

आणि त्याच्याखाली माझा शिक्का. जरा तिरका पडलेला.

मी खुर्चीत बसून राहिलो. घोंगडी पचवली, परतावा पचवला, वर सोफ्याचेही पैसे हवे होते पठ्ठ्याला! ह्या हावेपायी त्यानं स्वतःच्या हातानं पुरावा टाइप करून मला आणून दिला होता. आणि मी तो न वाचता फाइलला लावून एका म्हाताऱ्याच्या दारात जीप पाठवली होती.

दुसऱ्या दिवशी पाचगणीच्या दुकानावर सकाळीच पथक पाठवलं आणि तक्रारदाराला दुपारी 'प्रकरण मिटवायचं आहे' म्हणून बोलावलं. तोच फोल्डर, तोच मऊ आवाज. चहा मागवला. दोन पंच बाजूला बसवले. बाईनं ठाण्यात आणून दिलेल्या सातांपैकी त्यानं शेवटी परत केलेली चादर टेबलावर ठेवली.

"हीच आली होती ना?"

"हीच, सर."

"घडी तुम्हीच उलगडलीत?"

"हो. आणि ती पूड! सर, सोफा पाहा." त्यानं हौसेनं मोबाईल काढला. पांढऱ्या सोफ्यावर हातभर पिवळा डाग. फोटो चांगला स्वच्छ आला होता.

"पूड ह्या चादरीच्या घडीतून सांडली?"

"अर्थात."

"मग सोफ्याला एवढा डाग आणि चादरीला एकही नाही?"

त्यानं चादरीकडं पाहिलं. "झटकली असेल. किंवा मिसेसनं धुतली असेल."

"दुकानाचा कागद टाचणीनं लावलेला आहे अजून. टाचणी न काढता धुतली?"

तो हसला. ते हसू चेहऱ्यावरच वाळलं. पाणी मागितलं, प्यायला, मग वकिलांशी बोलायचं म्हणाला. मी म्हटलं, जरूर बोला. चौकशीत मी फार हात उचलणारा अधिकारी नव्हतो, असं स्वतःचं कौतुक करत नाही. तरुणपणी केलंय ते केलंय. पण त्या दिवशी मी आवाजही चढवला नाही. पाचगणीहून आलेली घोंगडी कपाटातून काढून त्याच्यासमोर ठेवली आणि पंचांना घडी उलगडायला सांगितलं. मधल्या घडीतून चिमूटभर पिवळं टेबलावर सांडलं. लोकरीत अडकलेलं तसंच राहिलं.

"दुकानदारानं तुमचा नंबर दिलाय," मी म्हणालो. "आता सांगा, तुमच्या सोफ्यावर काय सांडलं?"

मग सगळं बाहेर आलं. कधी स्वतःच्या, कधी बायकोच्या, कधी मेहुण्याच्या, कधी शिरवळच्या एका मित्राच्या नावानं तो घोंगडी मागवायचा. खरी काढून घ्यायची, चादर भरायची, फोटो काढायचे, परतावा घ्यायचा. खरी पाचगणीला जायची. सातव्या वेळी कंपनीला संशय आला आणि तिनं कागद मागितला. म्हणून तो ठाण्यात आला होता. त्याला न्याय नको होता, पोच हवी होती.

शेवटी तो काय म्हणाला ते मी विसरणार नाही. "सर, सगळेच करतात हो. परतावा कंपनी देते. बाईचं काय जातंय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठून व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो, नाहीतर हात उचलला गेला असता. परतावा कंपनी देत नव्हती, बाईच्याच पैशातून कापून घेत होती, हे त्यालाही पक्कं माहीत होतं.

गुन्हा दाखल झाला, अटक झाली, दोषारोपपत्र गेलं. सातांपैकी पाच घोंगड्या हस्तगत झाल्या, दोन पर्यटकांबरोबर कुठल्या कुठं गेल्या. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, वरिष्ठांनी पाठ थोपटली. मी पेढे मात्र वाटले नाहीत.

कोर्टाच्या आदेशानं मुद्देमाल परत घ्यायला ती आली, तेव्हा माझ्या नोकरीचा एक महिना उरला होता. सह्या झाल्या, घोंगड्या ताब्यात मिळाल्या. ती मात्र उठेना.

"साहेब, एक मागू का?"

"मागा की."

"त्याला दिलात तसा शिक्क्याचा कागद मला द्या. मी चोर न्हाई म्हणून. कंपनीला किती लिवलं, त्यास्नी फरक पडंना, दुकान बंद ते बंदच. ते जाऊं द्या. पर गावात दावाय पायजे. मामास्नी दावाय पायजे."

असा कागद नसतो. चोर नसल्याचा दाखला ठाणं देत नाही. ती आरोपी नव्हतीच, त्यामुळं तिला निर्दोष ठरवण्याचाही प्रश्न नव्हता. मी हे तिला समजावू लागलो आणि अर्ध्यात थांबलो. एका लबाडाला मी अर्ध्या मिनिटात कागद दिला होता आणि हिला नियम सांगत बसलो होतो.

"ताई, अर्ज लिहा," मी म्हणालो. "काय खरं आहे ते तुमच्या शब्दांत लिहा. त्याची पोच देतो. शिक्का तोच."

तिनं बाकावर बसून अर्धा तास लिहिलं. 'मी कोणाला फसवले नाही. माझी घोंगडी हाताची आहेत. चादरी त्याने भरल्या.' मी प्रत्येक ओळ दोनदा वाचली. मग शिक्का मारला, नीट दाबून, सरळ.

तिला मी ठाण्याच्या जीपमधूनच गावी नेलं, वरिष्ठांना सांगून. वेशीतून गाडी सावकाश घ्यायला लावली. पहिल्या वेळी जी जीप बघायला गाव जमलं होतं, तीच जीप तिला मानानं सोडायला आलीय, हे गावानं बघावं अशी माझी इच्छा होती. दोनचार माणसं बाहेर आली. बाया दारातूनच बघत राहिल्या.

म्हाताऱ्याच्या घरात खड्डा राहिला नव्हता. वर शेणानं सारवलं होतं आणि त्यावर बाजरीचं पोतं ठेवलं होतं. तिनं घोंगड्या पुढं ठेवल्या आणि कागद त्याच्या हातात दिला. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं कागद उजेडाकडं धरला, शिक्क्यावर बोट ठेवलं.

"ह्यो त्योच का? त्या मलकापूरवाल्याला दिल्याला?"

"व्हय मामा, त्योच. आता आपल्याला दिलाय."

"मग ह्यो तरी खरा कशावरनं?"

त्यानं कागद तिला परत दिला, एक घोंगडी उचलली, उंबऱ्यात जाऊन झटकली आणि पुन्हा घडी घातली. मी म्हणालो, "बाबा, मला एक विणून द्या. मला स्वतःला घ्यायचीय."

"खड्डा बुजिवला, साहेब," तो म्हणाला. रागानं नाही. नुसतं सांगितल्यासारखं.

गाव सोडून ती आता शिरवळला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. खटल्याच्या तारखा पडतात, साक्षीचं समन्स आलं की मी जातो, साक्ष होत नाही, मी परत येतो. उरलेल्या महिन्यात मी आलेला प्रत्येक अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. हवालदार कुरकुरले, रांग लांबली, मी दाद दिली नाही. ह्या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच, आणि ते शिकायला मला तेहतीस वर्षं लागली. त्याआधी दुसरं पान न वाचता मी असे किती शिक्के मारले आणि त्यातला कुठला कुणाच्या दारात जाऊन उभा राहिला, ते मला आज सांगता येत नाही.